रात्रीचा घाम आणि टोरांटोचे ससे

इन्सुलिनच्या शोधाची गोष्ट म्हटली की बँटिंग, बेस्ट आणि त्यांचे कुत्रे. मला मात्र त्यातले ससे जास्त महत्त्वाचे वाटतात.

डिसेंबर १९२१ मध्ये जेम्स कॉलिप नावाचा बायोकेमिस्ट टोरांटोच्या त्या टीममध्ये आला. काम काय, तर स्वादुपिंडाचा अर्क शुद्ध करायचा. पण बॅच चांगली उतरली की नाही, हे कळणार कसं? कॉलिपने धडधाकट सशांना अर्क टोचून त्यांच्या रक्तातली साखर मोजायला सुरुवात केली. अर्क जोरदार असला की साखर इतकी खाली जायची, की ससा झटके येऊन आडवा पडायचा. ग्लुकोज टोचलं की पुन्हा उठून बसायचा! २३ जानेवारी १९२२ ला चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला जो अर्क लागू पडला, तो कॉलिपने शुद्ध केलेला.

पुढे इन्सुलिनचं 'युनिट'सुद्धा याच सशांवरून ठरलं. दोन किलोच्या उपाशी सशाची साखर ४५ पर्यंत उतरवायला जेवढं औषध लागेल, ते एक युनिट. माणसांसाठी हे फारच मोठं पडायला लागलं, म्हणून १९२३ मध्ये त्याचा एक तृतीयांश धरला. म्हणजे बघा, औषधाचं मापच मुळी साखर धोक्याच्या पातळीपर्यंत पाडण्यावरून बनलंय.

माणसांत हे कसं दिसतं, ते १९२२ मध्येच टोरांटोच्या फ्लेचर आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी लिहून ठेवलं. भूक, थरथर, घाबरल्यासारखं वाटणं आणि दरदरून घाम. मेंदू चालतो मुख्यतः ग्लुकोजवर, त्यामुळे साखर घसरली की शरीर अलार्म वाजवतं. यात एक बारकावा आहे. धडधड आणि थरथर होते अ‍ॅड्रेनालिनच्या मार्गाने, पण घामाच्या ग्रंथींना निरोप पोहोचतो अ‍ॅसिटिलकोलिन या वेगळ्याच रसायनातून. ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्या माणसाची धडधड त्या गोळीने दबते, घाम मात्र दबत नाही. कधी कधी तेवढी एकच खूण उरते.

दिवसा हे ठीक आहे हो, रात्रीचं काय?

सुरुवातीचं इन्सुलिन काही तासांतच संपायचं, दिवसातून अनेकदा टोचून घ्यावं लागायचं. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडॉर्नने त्यात प्रोटामिन मिसळून ते लांबवलं, आणि त्याच वर्षी टोरांटोत जस्त घालून ते आणखी लांबवलं गेलं. चोवीस तास चालणारं एकच इंजेक्शन! पेशंट खूश. पण आता रात्री तीन वाजता, पोट रिकामं असतानाही औषध कामावर हजर. त्यात झोपेत अ‍ॅड्रेनालिनचा प्रतिसाद मंदावतो, त्यामुळे जाग येतेच असं नाही. सकाळी उरतात ते ओले कपडे, ठणकणारं डोकं आणि भयंकर स्वप्नं.

सेंट लुईसच्या मायकेल सोमोगी या बायोकेमिस्टने १९३८ मध्ये यावर एक झकास थिअरी मांडली. सकाळी साखर जास्त दिसते, कारण रात्री ती फार खाली गेलेली असते आणि शरीर घाबरून तिला वर ढकलतं. म्हणून डोस वाढवू नका, कमी करा! पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर हे शिकले. अडचण एवढीच की लॉगमध्ये रात्री दहाची नोंद आणि सकाळी सातची नोंद, मधे सगळं कोरं. अशा कोऱ्या जागेत कुठलीही गोष्ट चपखल बसते, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. पुढे घरगुती मीटर आले, १९९९ पासून सतत साखर मोजणारे सेन्सर आले आणि दिसलं ते वेगळंच. रात्री साखर पडलेल्या बहुतेकांची सकाळची साखर कमीच असते. सकाळी वाढते ती बहुधा इन्सुलिन अपुरं पडल्याने किंवा पहाटेच्या हार्मोन्समुळे. थिअरी बरीचशी बाद झाली. पण रात्री नेमकं काय होतं, हे विचारणारा माणूस म्हणून सोमोगीला मी मानतो.

आणि हे फक्त इंजेक्शनवाल्यांचं नाही. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिये इथे टायफॉइडवर एक नवं सल्फा औषध देताना जाँबोंच्या लक्षात आलं की पेशंटची साखर कोसळतेय. त्यातूनच ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या गोळ्यांचं घराणं निघालं. एकादशीला रात्री नुसतं दूध पिऊन गोळी मात्र नेमाने घेणारी आजी आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी असते. सकाळी तिची उशी ओली असते आणि आपण पंख्याला दोष देतो.

अर्थात रात्रीचा प्रत्येक घाम साखरेचा नसतो. रजोनिवृत्ती, थायरॉइड, टीबी अशी बरीच कारणं आहेत, आणि अशी औषधं न घेणाऱ्याची साखर रात्री धोकादायक पडणं क्वचितच. पण ती घेणारं कुणी रात्री घामाघूम झालं, तर तेव्हाच मीटर लावून बघावं, सकाळी नव्हे. ७० च्या खाली आकडा असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट हॉस्पिटल. आणि तो रात्रीचा आकडा वेळेसकट लिहून डॉक्टरांना दाखवायचा, डोस तेच बदलतील.