सस्पेन्स खात्यातली माणसं

इतिहास म्हटला की आमच्यासारख्या बी.कॉम. माणसाच्या पोटात गोळा येतो. राजे, लढाया आणि तहांची कलमं! पण पश्चिम मेक्सिकोतल्या मातीच्या मूर्तींचा इतिहास मला मनापासून आवडतो. कारण त्यात पाठ करायला एकाही राजाचं नाव नाही.

कोलिमा, हालिस्को आणि नायारित ही तिकडची तीन राज्यं. साधारण इ.स.पू. ३०० ते इ.स. ४०० या काळात तिथले लोक मयतासाठी आडासारखा उभा खड्डा खणत, तळाशी बाजूला खोल्या कोरत आणि सोबतीला भाजलेल्या मातीच्या पोकळ मूर्ती ठेवत. मूर्ती कुणाच्या म्हणाल, तर तुमच्याआमच्यासारख्यांच्या! शेजारी शेजारी बसलेलं जोडपं, चेंडू धरलेला खेळाडू, ढोल बडवणारा, मूल घेतलेली बाई. नायारितकडे तर अख्खी घरंच केलीत, आतबाहेर माणसांनी गजबजलेली. आणि कोलिमाची ती कुत्री! लाल, गुळगुळीत, गुबगुबीत. एखाद्याच्या तोंडात मक्याचं कणीस. पुढच्या काळातले अझ्टेक लोक मानत की, मेलेल्याला नदी पार करून द्यायला कुत्रा लागतो. आपल्या धर्मराजालाही शेवटी भावांनी नाही, कुत्र्यानेच सोबत केली होती. अर्थात अझ्टेक लोक कुत्री खातही असत, तो भाग वेगळा.

इथवर सगळं जमेच्या बाजूला. आता नावे बाजू पाहू. विसाव्या शतकात या मूर्तींना गिऱ्हाईक मिळालं. दिएगो रिव्हेरासारख्या थोर चित्रकाराने त्या भरभरून जमवल्या. मेक्सिको शहरातल्या, १९६४ साली उघडलेल्या आनाव्हाकाली संग्रहालयात त्या आहेत. पण घेणारे वाढले तसे रात्री खणणारेही वाढले. आड फोडायचा, मूर्ती उचलायची, हाडं तुडवायची. बराच काळ लोक या मूर्तींना 'तारास्कन' म्हणत राहिले, म्हणजे हजारेक वर्षांनंतरच्या राज्याचं नाव त्यांना चिकटवत राहिले!

बँकेत नुसती रक्कम बरोबर असून भागत नाही. कुणाची, कधीची, कुठल्या खात्याची, हे सांगणारं व्हाउचर लागतं. नाहीतर रक्कम जाते सस्पेन्स खात्यात. जगभरच्या काचेच्या कपाटांतली ही मंडळी तशीच सस्पेन्स खात्यात बसली आहेत.

व्हाउचर जागेवर असलं की काय होतं, ते १९९३ साली हालिस्कोतल्या हुइत्सिलापाला दिसलं. तिथे कुणी हात न लावलेला आड सापडला. साडेसात मीटर खोल, तळाशी दोन खोल्या आणि सहा माणसं. हाडं तपासल्यावर बहुतेकांच्या मणक्यांत एकच जन्मजात दोष निघाला. म्हणजे ती बहुधा एकाच घरची! कुणाला किती मान होता, हेही सोबतच्या वस्तूंवरून ताडता आलं.

आमच्याकडे सस्पेन्समधली नोंद उशिरा का होईना, सुटते. ही मात्र सुटायची नाही. ज्याने मूर्ती विकून पैसे केले, त्याने व्हाउचर तिथेच मातीत तुडवलं. आता ते जोडपं कुणाच्या उशाशी बसलं होतं, हे विचारायची सोय नाही. पाटीवर तेवढं लिहिलेलं असतं : 'पश्चिम मेक्सिको, बहुधा नायारित.'