जात पुकारली आणि गुण पडले

आरक्षणाचा विषय निघाला की समोरचा कटऑफचा तक्ता पुढे करतो. यांचे गुण इतके, तुमचे इतके, म्हणजे तुमच्यात गुणवत्ताच नाही. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात की हा फक्त सहसंबंध आहे. जात आणि गुण सोबत चालताना दिसतात, एवढेच त्यातून कळते. कशामुळे, ते तक्ता सांगत नाही.

ही लबाडी जुनी आहे. सहसंबंध मोजण्याची रीत 1888 साली मांडणारा फ्रान्सिस गाल्टन हाच 'युजेनिक्स' या शब्दाचाही जनक. 1923 मध्ये कार्ल ब्रिघम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या बुद्धिचाचण्यांवर पुस्तक लिहिले. बाहेरून आलेल्यांपैकी ज्यांना अमेरिकेत जास्त वर्षे झाली, त्यांचे गुण जास्त होते. भाषा आली, देश कळला, गुण वाढले, इतके सरळ आहे. ब्रिघमने मात्र ठरवले की आधी आलेले चांगल्या वंशाचे आणि नंतरचे हलक्या! पुढच्याच वर्षी दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घालणारा कायदा झाला. (तो या पुस्तकामुळेच झाला असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हटले तर ब्रिघममध्ये आणि आमच्यात फरक काय?) 1930 साली ब्रिघमने आपले निष्कर्ष मागे घेतले. कायदा मात्र राहिला.

कारण शोधायचे तर प्रयोग करावा लागतो: बाकी सगळे सारखे ठेवायचे आणि एकच गोष्ट बदलायची. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत तेच केले. 2004 साली त्यांचा अहवाल आला. शाळकरी मुले 642. निम्मी सवर्ण, निम्मी दलित. काम एकच, कागदावर वाट शोधायची कोडी सोडवणे, आणि त्याचे पैसे मिळणार. कोणता मुलगा कोणत्या गटात, हे नशिबावर सोडलेले, म्हणजे हुशार पोरे एकीकडे जमा झाली अशी सबब उरत नाही.

काही गटांत जात काढलीच नाही. तिथे दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक सापडला नाही. इतर गटांत प्रत्येकाचे नाव, गाव, बाप-आजाचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचली आणि मुलाने फक्त मान हलवून हो म्हणायचे होते. तीच कोडी, तेवढाच वेळ, पण दलित मुलांनी सोडवलेली कोडी सुमारे 23 टक्क्यांनी घटली. ज्या वर्गात हजेरीच्या वेळी शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचली जाते, तिथे बसलेल्यांना हे वेगळे समजावायला नको.

या मुलांची बुद्धी त्या दोन मिनिटांत कमी झाली नव्हती. मग झाले काय? ते कळावे म्हणून प्रयोगात आणखी एक फेरफार होता: बक्षीस ठरवताना चिठ्ठी काढायची. चिठ्ठी आली तशी जातींमधली दरी नाहीशी झाली. दोघींनी त्याचा अर्थ असा लावला की जात पुकारल्यावर ही मुले धरून चालत होती, आपला निवाडा करणारा माणूस न्यायाने वागणार नाही. आणि चिठ्ठीला जात विचारता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.