कर्नेल-बिघाडाच्या निदान-नोंदी
कर्नेल-बिघाडाच्या निदान-नोंदी : संगणकाची प्रचालन प्रणाली अकस्मात बंद पडत असता तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, आपल्या अखेरच्या अवस्थेविषयी जे संदेश मागे ठेवते, त्यांस निदान-नोंदी म्हणतात. स्मृती, तबकडी व इतर उपकरणे यांवर कर्नेलचे नियंत्रण असते. एखादा सामान्य कार्यक्रम बंद पडल्यास त्याची नोंद कर्नेलच्या साहाय्याने होते. परंतु खुद्द कर्नेलच बिघडल्यास नोंद कोणी करावयाची, हा प्रश्न उद्‌भवतो. बिघडलेल्या कर्नेलवर लेखनाचे काम सोपविल्यास तबकडीवरील चांगली माहितीही नष्ट होण्याचा धोका असतो. न सोपविल्यास कारण अज्ञात राहते व तोच बिघाड पुनःपुन्हा घडतो. या दोन धोक्यांतून काढलेल्या मार्गांचा इतिहास हाच या नोंदींचा इतिहास होय.

१९५० नंतरच्या दोन दशकांत संगणकांत फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची चुंबकीय स्मृती (कोअर) प्रचारात होती. वीजपुरवठा खंडित झाला तरी तीतील माहिती टिकून राही. त्यामुळे यंत्र थांबल्यावर संपूर्ण स्मृती फितीवर उतरविणे किंवा कागदावर छापून तपासणे शक्य असे. स्मृतीच्या अशा प्रतीस ‘कोअर डंप’ हे नाव पडले व त्या कड्या कालबाह्य झाल्यानंतरही ते रूढ राहिले.

बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन टॉमसन व डेनिस रिची यांनी सुरू केलेल्या युनिक्स प्रणालीने साधेपणाचा मार्ग स्वीकारला. तिच्या पूर्वीच्या मल्टिक्स प्रणालीत चुकांतून सावरण्यासाठी पुष्कळ आज्ञावली लिहावी लागे. युनिक्समध्ये मात्र असाध्य चूक आढळताच ‘पॅनिक’ हा उपक्रम कारणाची एक ओळ छापून यंत्र थांबवी. नियंत्रक-टंकयंत्र कागदावर छापीत असेल, तर ती ओळ आपोआपच जतन होई.

अर्धसंवाहक स्मृती आल्यावर वीज जाताच सर्व पुरावा नष्ट होऊ लागला. यावर बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या युनिक्स आवृत्त्यांत १९८० च्या सुमारास उपाय योजण्यात आला. कोसळताना स्मृतीची प्रत तबकडीवरील अदलाबदलीच्या (स्वॅप) जागेत लिहिली जाई आणि पुन्हा सुरू झालेली प्रणाली ती संचिकेत साठवी. पुनरारंभानंतर त्या जागेतील जुन्या माहितीची गरज नसल्याने तेथे लिहिणे तुलनेने निर्धोक ठरे.

लीनस टॉर्व्हल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्समध्ये कर्नेलचे संदेश ‘प्रिंटके’ या उपक्रमाद्वारे स्मृतीतील एका चक्राकार साठ्यात जमा होतात. तो भरल्यावर जुने संदेश पुसले जातात. अनुक्रम-तारेने किंवा जालामार्फत ते दुसऱ्या यंत्राकडेही पाठविता येतात. २००५ मध्ये समाविष्ट झालेल्या ‘केडंप’ पद्धतीत राखीव स्मृतीत दुसरे लहान कर्नेल आधीच तयार ठेवलेले असते. पहिले कोसळताच दुसरे सुरू होते व पहिल्याच्या स्मृतीची प्रत घेते. अशा प्रकारे साक्ष नोंदविण्याचे काम बिघडलेल्या कर्नेलकडून निरोगी कर्नेलकडे गेले.

तथापि अखेरचे शब्द उमटविणे हेही सोपे नाही. संदेश छापताना लावलेले कुलूप हाती असतानाच एखादा संस्कारक थांबला, तर इतरांचे संदेश अडकून पडत. २०२० मध्ये लिनक्सच्या ५·१० आवृत्तीत कुलूपविरहित साठा आला. छपाईची ही फेररचना पुढेही चालू राहिली व तिचा आवश्यक भाग पूर्ण झाल्यावरच २०२४ मध्ये ६·१२ आवृत्तीत तत्काल-प्रतिसादाची (रिअल-टाइम) सुविधा मुख्य प्रवाहात समाविष्ट होऊ शकली.

१९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-आज्ञावलीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सु. ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. विमानसेवा, बँका व रुग्णालये यांच्या कामांत व्यत्यय आला. कर्नेलमधील कोणत्या घटकाने मर्यादेबाहेरील स्मृती वाचली, हे यंत्रांनी मागे ठेवलेल्या स्मृतिप्रतींवरून दाखविता आले. मात्र अशा प्रतींत परवलीचे शब्द व खाजगी माहितीही असू शकते. त्यामुळे त्या जतन करणे जितके आवश्यक, तितकेच त्या सुरक्षित ठेवणेही आवश्यक असते.