वाऱ्याने रचलेला बर्फ

कोल्हापूरच्या माणसाचा आणि बर्फाचा संबंध तो केवढा? सरबताच्या गाडीवर भुशात गुंडाळलेली लादी, नाहीतर रंकाळ्यावर पोराने हट्टाने मागितलेला गोळा. पण शिरोळ तालुक्यातले सैनिक टाकळी घ्या. फौजेत जाण्याची रीत इतकी जुनी, की गावाच्या नावातच 'सैनिक' आले. अशा गावातली आई दिवाळीचा फराळ डब्यात भरताना विचारते, "तिकडं बर्फ पडाय लागला का रं?" त्या प्रश्नात भूगोल नसतो, धास्ती असते.

धास्ती खोटी नाही. पहिल्या महायुद्धात आल्प्समध्ये ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या फौजा समोरासमोर ठाकल्या होत्या. मार्मोलाडा पर्वताच्या कुशीत ऑस्ट्रियन सैनिकांच्या लाकडी बराकी होत्या. शत्रूच्या तोफांपासून जागा सुरक्षित. वरच्या उतारापासून मुळीच नाही. कॅप्टन श्मिट यांनी वरिष्ठांना तसे लिहून जागा बदलण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. १३ डिसेंबर १९१६ रोजी पहाटे, कित्येक दिवसांच्या हिमवर्षावानंतर, उतार सुटला आणि अडीचशेहून अधिक माणसे गाडली गेली. (त्या दिवसाला पुढे 'पांढरा शुक्रवार' म्हणू लागले, वास्तविक तो बुधवार होता. लोकस्मृतीला पंचांगाची पर्वा नसते.)

श्मिट यांना जे नजरेने कळले, ते मोजूनमापून सांगायचे कसे? स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळच्या डोंगरावर १९३६ साली संशोधक याच कामासाठी ठाण मांडून बसले. आपल्याकडे १९६९ साली मनालीला संरक्षण खात्याची हिमसंशोधन संस्था निघाली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेत विलीन झाली.

या सगळ्या अभ्यासात खरा खलनायक ठरला तो वारा. पन्हाळ्याच्या तटाच्या आडोशाला पाचोळा कसा साठतो, ते आपण पाहिलेच आहे. तसाच वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ खरवडतो आणि पलीकडच्या आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो. आभाळ निरभ्र, नवा कणही पडलेला नाही, तरी तिकडे थर वाढतच असतो. वाटेत कण मोडून बारीक होतात आणि घट्ट बसतात. त्यांची एक सलग लादी बनते. तिच्यावर पाय ठेवला तर भक्कम वाटते, आणि घात होतो तो इथेच. कारण कडाक्याच्या थंडीत खालचा जुना बर्फ कधीकधी भरड, सुटा, अगदी आपल्या कारखान्यातल्या साखरेसारखा झालेला असतो. मोहरीवर पाट ठेवून तो तिरका करा, म्हणजे पुढचे सांगावे लागणार नाही. उतार साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, की एका माणसाचे वजनही पुरते.

म्हणून जाणता माणूस आधी, त्याच दिशेच्या पण सुरक्षित अशा लहान उतारावर, खड्डा खणतो. त्याच्या भिंतीत थर दिसतात. मग वीतभराहून थोडा रुंद असा बर्फाचा खांब कापून मोकळा करायचा, वर फावडे ठेवायचे आणि थापट्या मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तिसऱ्या-चौथ्या थापटीलाच खांबाचा वरचा भाग सटकन निसटला, तर वाट बदलावी. पावलाखाली 'धप्प' असा आवाज झाला, तर खड्डा खणायचीही गरज नाही. मुकाट्याने मागे फिरावे.

पण फौजी माणसाला मागे फिरण्याची मुभा नेहमी कुठे असते? आणि खड्ड्यातून सगळेच दिसते असेही नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनमधल्या सोनम चौकीवर, सुमारे साडेएकोणीस हजार फुटांवर, कोसळली ती बर्फाची भिंतच. मद्रास रेजिमेंटचे दहा जण त्याखाली गेले. धारवाडकडचे हनमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी जिवंत सापडले, तेव्हा साऱ्या देशाने देव पाण्यात ठेवले; ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. त्या दहांत आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातला, माण तालुक्यातला एक जवान होता. ज्या माणदेशात पावसासाठी डोळे आभाळाला लागलेले असतात, तिथला मुलगा गोठलेल्या पाण्याखाली गेला.