ट्रकचा जबाब

महामार्गावर ट्रक बंद पडला की आजचा मिस्त्री केबिन उलटवण्याआधी डॅशबोर्डखालच्या सॉकेटात केबल लावतो आणि हातातल्या स्कॅनरवर आकडे वाचतो. गॅरेजच्या बोलीत हे ‘कोड’. गाडीच्या संगणकाने स्वतःबद्दल लिहून ठेवलेल्या या तक्रारी. त्यांचा माग काढत मागे गेले की वाट कुठल्या गॅरेजात पोहोचत नाही. ती लॉस एंजेलिसच्या हवेत पोहोचते.

जुलै १९४३. युद्ध चालू होते. एके दिवशी शहरावर डोळ्यांना झोंबणारा असा धूर उतरला की जपानने विषारी वायू सोडला असावा, अशी शंका लोकांना आली. पुढे कृत्रिम रबराचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यावर ठपका आला. तो बंद ठेवला, तरी धूर हटेना. कोडे उलगडले ते आरी हागेन-स्मिट या नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हे गृहस्थ अननसाच्या गंधाचा अभ्यास करत होते. मग त्यांनी शहराची हवाच तपासायला घेतली. मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की हे धुके तयार होते, असे त्यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. १९६७ साली कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापले, त्याचे पहिले अध्यक्षही तेच.

धुरावर कायदे आले, पण त्यातून एक विचित्र पेच उभा राहिला. ब्रेक गेला तर चालकाला कळते. धूर साफ करणारे यंत्र निकामी झाले, तर गाडी पूर्वीसारखीच पळते. मालकाला पत्ता नसतो आणि त्याचे काही बिघडतही नाही. बिघडते ते शेजाऱ्याच्या फुफ्फुसाचे. मग नजर कोणी ठेवायची? कॅलिफोर्नियाचे उत्तर असे, की गाडीने स्वतःच स्वतःवर ठेवायची. १९८८च्या मॉडेलपासून त्या राज्यात असा पहारा सक्तीचा झाला. १९९६पासून त्याची सुधारित आवृत्ती अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना आणि हलक्या ट्रकना लागू झाली. म्हणजे कोडची व्यवस्था सक्तीची झाली ती मिस्त्रीच्या सोयीसाठी नव्हे. कायद्याला साक्षीदार हवा होता.

त्याआधी काही कंपन्यांनी आपापल्या सोयीने कोड ठेवले होतेच. १९८०च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत सॉकेटाची दोन टोके कागदाच्या पिनेने जोडली, की इंजिनाचा दिवा लुकलुकू लागे. एकदा, मग थोडे थांबून दोनदा: हा झाला बारा. मिस्त्री दिवा बघत मनात मोजे. मला हा काळ फार लोभस वाटतो. स्कॅनर म्हणजे एक वाकवलेली पिन.

अवजड ट्रकची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते अधिक रंगतदार. अमेरिकेत ट्रकचे इंजिन एका कंपनीचे, गिअरबॉक्स दुसरीचा, ब्रेक तिसरीचे, असा संसार सर्रास असतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांचे संगणक एकमेकांशी बोलायचे तर सामाईक भाषा हवी. ती अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने घडवली. तिची आजची रूढ आवृत्ती जे१९३९ नावाने ओळखली जाते. तिचा पाया म्हणजे बॉश कंपनीने १९८६ साली मांडलेली ‘कॅन’ ही जोडणी, जिच्यात दोन तारांवरून सगळे संगणक बोलतात.

या भाषेत तक्रारीचे मुख्य आकडे दोन. पहिला, एसपीएन, सांगतो कशाविषयी. दुसरा, एफएमआय, सांगतो कशा प्रकारची. शिवाय तक्रार किती वेळा आली याची मोजणी. हे सगळे चार बाइटांत मावते. उदाहरण घेऊ. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब. त्याच्यासोबत एफएमआय १ आला, तर सेन्सर विश्वासार्ह आहे आणि दाब खरोखरच धोक्याइतका उतरला आहे. इंजिन ताबडतोब बंद करा, नाहीतर बेअरिंग गेले. पण १०० सोबत ४ आला, तर सेन्सरकडून येणारा विद्युतदाबच शक्य त्याहून कमी आहे. असे सेन्सर बहुधा अर्धा ते साडेचार व्होल्टच्या आत बोलतात. त्याखालचा आकडा म्हणजे बोलणे नव्हे, तार कुठेतरी लोखंडाला टेकली आहे. ऑइल कदाचित ठणठणीत असेल. नुसता १०० वाचून ऑइल पंप बदलणारा मालकाचे हजारो रुपये पाण्यात घालतो.

चाकणजवळच्या एका गॅरेजात मी हे घडताना पाहिले. पडद्यावर १००, ४. मिस्त्रींनी पोऱ्याला स्कॅनर देऊन केबिनमध्ये बसवले, ‘दाबावर नजर ठेव’ म्हणाले, आणि स्वतः खाली वाकून वायरिंगचा जुडगा वीतभर वीतभर हलवत गेले. चेसिसच्या एका पट्टीपाशी हात पोहोचला तसा वरून आवाज आला, “काका, उडाला!” तिथे तारेचे वेष्टण घासून गेले होते. टेप, पट्टा, अर्धा तास.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. बीएस-४वरून थेट उडी. ट्रकला युरियाच्या द्रावणाची टाकी, नायट्रोजन ऑक्साइडे मोजणारे सेन्सर, काजळीचा फिल्टर अशी सगळी सामग्री आली आणि कोडची संख्या फुगली. युरिया संपू दिला किंवा त्यात पाणी मिसळले, तर संगणक नुसती तक्रार लिहून थांबत नाही, इंजिनाची ताकद कापतो. घाटात भरल्या गाडीने हा अनुभव घेतलेला चालक हवेविषयीच्या कायद्याबद्दल काय बोलतो, ते इथे छापता येणार नाही.

आता खरा वाद आकडे वाचण्याचा उरलेला नाही, पुढच्या पायरीचा आहे. अनेक इंजिनांत नवा इंजेक्टर बसवला की त्यावर छापलेला क्रमांक संगणकात भरावा लागतो. फिल्टरमधली काजळी उभ्या गाडीत जाळायची तर तशी आज्ञा द्यावी लागते. त्यासाठी बहुधा कंपनीचे सॉफ्टवेअर आणि परवाना लागतो. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काला प्रचंड बहुमताने कौल दिला, पाठोपाठ २०१५मध्ये अमेरिकेतल्या अवजड वाहनांसाठी उत्पादक आणि दुरुस्तीवाले यांच्यात करार झाला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली समिती नेमली आणि पोर्टल उघडले. त्याच्या चार क्षेत्रांत वाहने आहेत. पोर्टल आहे, सक्ती करणारा कायदा नाही. सार्वजनिक हवेसाठी उभा केलेला साक्षीदार खासगी कोठडीत ठेवावा, हे मला पटत नाही.

चाकणच्या त्या गॅरेजात इंजेक्टर बदलण्याची हत्यारे आहेत आणि हातही आहेत. तरी नवा इंजेक्टर बसवून झाला, की ट्रक टोचन लावून दुसरीकडे न्यावा लागतो, तिथे कोणीतरी लॅपटॉपवर क्रमांक टाकून देतो, आणि टोचनाचे भाडे मालकाच्या बिलात चढते.