ओवी आणि जलरंग

इंग्रज कवि-चित्रकार विल्यम ब्लेक यांनी आयुष्याच्या अखेरीस, १८२४ ते १८२७ या काळात, दान्तेच्या महाकाव्यावर १०२ जलरंगचित्रे रेखाटली. पुष्कळशी अपुरीच राहिली. महाकाव्य आपल्याकडेही आहे. फादर स्टीफन्स यांच्या सुमारे ११,००० ओव्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) स्वर्गदेखील वैकुंठ होतो. शब्दांतले ते धाडस तीन शतकांनी जलरंगांत केले ते गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी. शांतिनिकेतनात शिकलेल्या या चित्रकाराने पवित्र मरियेला साडी नेसवली. ज्यांच्या पूर्वजांनी भक्तिभावाने त्या ओव्या गायिल्या, त्यांनाच ती साडी खुपली! फोन्सेका गोवा सोडून आपल्या माणपासून फार दूर नसलेल्या पुण्याच्या शिवाजीनगरातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. आश्रम अँग्लिकनांचा, कॅथलिक मरियेला आसरा मिळाला तो तेथे.