मनोऱ्याकडून मनोऱ्याकडे

४ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जपानशी करावयाच्या तहाच्या परिषदेत अध्यक्ष ट्रुमन यांनी केलेले भाषण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील लोकांनी घरबसल्या त्याच घटकेस पाहिले आणि ऐकले, ही गोष्ट दूरचित्रवाणीच्या इतिहासात आवर्जून नमूद केली जाते. परंतु ते चित्र आणि तो आवाज ज्या १०७ मनोऱ्यांवरून उड्या घेत खंड ओलांडून गेला, त्या मनोऱ्यांच्या जागा कोणी हेरल्या आणि त्यांवरील अँटेना एकमेकींच्या समोर कोणी आणल्या, याचा उल्लेख त्याच इतिहासात क्वचितच सापडतो. सूक्ष्मतरंगांच्या, म्हणजे ज्यास व्यवहारात सर्वजण मायक्रोवेव्ह म्हणतात त्या दळणवळणाच्या इतिहासात मानाची पाने प्रयोगशाळेतील मंडळींनी पटकावली, आणि ती मंडळी त्या मानास पात्र होती यात शंका नाही. तथापि ही विद्या जितकी निर्वात नळ्यांची आहे, तितकीच ती डोंगरमाथ्यांची आणि मोजणीदारांची आहे, असे माझे मत आहे.

दृष्टीच्या टप्प्यात असलेल्या दोन उंच जागांनी परस्परांशी बोलावे, ही कल्पना विजेहून जुनी. फ्रान्समध्ये क्लोद शाप याने १७९४ मध्ये पॅरिस ते लील या मार्गावर मनोऱ्यांची ओळ उभारली, आणि मनोऱ्यावरील लाकडी भुजांच्या हालचाली दुर्बिणीतून वाचून खबर पुढे धाडण्याची व्यवस्था केली. आपल्या देशात त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीचे कोन घेण्यासाठी आरशांनी परावर्तित केलेला सूर्यप्रकाश आणि रात्री दिवे वापरले, आणि गंगेच्या सपाट मुलखात टेकड्याच नाहीत म्हणून जॉर्ज एव्हरेस्ट याने मुद्दाम मनोरे बांधविले. पुढे रेडिओच्या अभियंत्याला जो प्रश्न पडला तो नेमका हाच होता: इकडून तिकडे दिसते का, आणि न दिसल्यास किती उंच चढावे?

जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कलकत्त्यास काही मिलिमीटर लांबीच्या तरंगांवर प्रयोग केले आणि त्यासाठी कर्ण्याच्या आकाराच्या अँटेना घडविल्या. परंतु त्या काळी जगाचे लक्ष समुद्र ओलांडणाऱ्या लांब तरंगांकडे होते, त्यामुळे ही वाट तीस-पस्तीस वर्षे ओसच राहिली. ३१ मार्च १९३१ रोजी फ्रेंच अभियंता आंद्रे क्लाव्हिये आणि त्याचे सहकारी यांनी इंग्लिश खाडीच्या दोन काठांवर, कॅले आणि डोव्हर या बंदरांजवळ, सुमारे तीन मीटर व्यासाच्या तबकड्या बसवून १७-१८ सेंटिमीटर लांबीच्या तरंगांवर सुमारे ४० किलोमीटर अंतरावरून संभाषण करून दाखविले. प्रेषणाची शक्ती अर्ध्या वॅटच्या आसपास, म्हणजे हातातल्या बॅटरीच्या दिव्याहूनही कमी होती. सारी शक्ती तबकडीने एका अरुंद झोतात एकवटल्यामुळे हे साधले होते, आणि म्हणूनच तो झोत नेमका कोठे पडतो या प्रश्नास प्रथमच निर्णायक महत्त्व आले. दोन वर्षांनी, ११ फेब्रुवारी १९३३ रोजी, मार्कोनीने व्हॅटिकन आणि पोपमहाशयांचा उन्हाळी वाडा कास्तेल गांदोल्फो यांच्यामध्ये अशीच वाट चालू केली. युद्धकाळात ब्रिटिश सैन्याने ट्रेलरवर चढविलेला दहा क्रमांकाचा संच वापरून एका झोतावर आठ संभाषणे चालविली, आणि नॉर्मंडीच्या मोहिमेत ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी याच्या दळणवळणाची भिस्त बऱ्याच अंशी त्याच्यावर होती.

युद्ध संपल्यावर अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीने न्यू यॉर्क ते बॉस्टन हा मार्ग १९४७ मध्ये चालू केला आणि त्या अनुभवाच्या जोरावर खंडव्यापी मार्गाचे काम हाती घेतले. दोन मनोऱ्यांतील अंतर सरासरी ३० मैल ठेवण्यात आले, आणि त्याचे कारण पृथ्वीच्या गोलाईत आहे. ५० किलोमीटरांच्या अंतरावर मधोमध जमिनीचा फुगवटा, हवेमुळे झोत थोडा खाली वाकतो ही सवलत जमेस धरूनही, सुमारे ३७ मीटर येतो. शिवाय तरंगाचा झोत म्हणजे ताणलेली दोरी नव्हे. त्यास अंग आहे. साडेसात सेंटिमीटरच्या तरंगासाठी त्या अंगाची त्रिज्या मध्यावर ३० मीटर भरते, आणि तिचा निदान साठ टक्के भाग मोकळा राहिला नाही तर समोरचा मनोरा डोळ्यास स्वच्छ दिसत असूनही संदेश क्षीण होतो. म्हणून मोजणीदार नकाशावरून उंच-सखल भागांचा छेद विशिष्ट वक्ररेषांच्या कागदावर उतरवीत, मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन मधली झाडे, नवे इमले, धान्याची कोठारे यांची उंची घेत, आणि झाडे वाढतात हेही हिशेबात धरीत. शंका उरलीच तर एकाने टेकडीवर उभे राहून आरशाने सूर्यप्रकाश फेकावा आणि दुसऱ्याने ३० मैलांवरून तो चमकताना पाहावा, हा एव्हरेस्टच्या काळचाच उपाय विसाव्या शतकाच्या मध्यातही कामी येत असे.

जागा एका सरळ ओळीत मात्र मुद्दाम घेत नसत. तीच ती कंपनसंख्या एक ठाणे सोडून पुन्हा वापरावयाची असल्यामुळे, हवा अनुकूल असलेल्या रात्री पहिल्या ठाण्याचा झोत मधली ठाणी ओलांडून तीन टप्प्यांपलीकडे पोचला तर तेथे दोन संदेशांची खिचडी होण्याचा धोका होता. तो टाळण्यासाठी मार्ग नागमोडी आखीत.

आता खुद्द जुळवणी. मनोऱ्याच्या पोलादामुळे होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, म्हणून दिशा मनोऱ्यापासून दूर उभे राहून घ्यावयाची, चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक वजा-जमा करावयाचा, आणि क्षितिजावरील एखादी ओळखीची खूण हेरून अँटेना अंदाजाने तिकडे वळवावयाची. त्यानंतर एका टोकाची अँटेना जागच्या जागी स्थिर ठेवून दुसरी हळूहळू फिरवीत. वर पट्ट्याने स्वतःस बांधून घेतलेला रिगर, म्हणजे मनोऱ्यावर चढून काम करणारा कारागीर, पाना घेऊन बोल्ट अर्धा-पाव फेरा फिरवीत असे आणि खाली यंत्रघरात अभियंता मीटरच्या काट्यावर नजर ठेवून टेलिफोनवरून त्यास आकडा सांगत असे. दहा फुटी अँटेनाच्या झोताची रुंदी चार गिगाहर्ट्झला, म्हणजे त्याच साडेसात सेंटिमीटरच्या तरंगास, सुमारे दोन अंश असते, म्हणजे ५० किलोमीटरांवर तो पावणेदोन किलोमीटर पसरलेला असतो. त्यामुळे समोरचे ठाणे सापडणे तितके दुर्घट नाही, दुर्घट आहे ते झोताचा मध्य सापडणे. माथ्यावर काटा फारसा हलतच नाही. म्हणून जाणते लोक माथा शोधीतच नसत. डावीकडे आणि उजवीकडे काटा सारखाच उतरतो ते दोन बिंदू खुणेने टिपून त्यांच्या मध्यावर अँटेना आणीत. आडव्या दिशेने झाले की वर-खाली, मग पुन्हा आडवे, आणि मग दुसऱ्या टोकास तोच सारा उपद्व्याप.

या कामातील खरा सापळा निराळाच आहे. प्रत्येक अँटेनाच्या मुख्य झोताच्या दोन्ही अंगांस लहान लहान उपझोत असतात, आणि अँटेना चुकून त्यांपैकी एकावर आली तर तेथेही काटा चढतो, माथा गाठतो आणि उतरतो. थंडीने बोटे आखडलेल्या आणि अंधारापूर्वी खाली उतरू इच्छिणाऱ्या माणसास तेवढ्याने समाधान वाटणे स्वाभाविक आहे. अशी वाट चांगल्या हवेत चालतेही. पण उपझोत मुख्य झोताहून वीसेक डेसिबेलने क्षीण, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने शंभरावा हिस्सा असल्यामुळे, पहिल्या वाईट रात्री ती बंद पडते. यावरचा उपाय गणिताचा. अंतर आणि कंपनसंख्या ठाऊक असली की मिळावयास हवी ती शक्ती आगाऊ काढता येते. ५० किलोमीटर आणि चार गिगाहर्ट्झ यांसाठी वाटेतील घट १३८ डेसिबेल. हिशेबाचा आकडा आणि मीटरचा आकडा जुळल्याखेरीज कामाच्या पूर्ततेचा शेरा मारावयाचा नाही, हा या धंद्यातला दंडक. तरंगाचे प्रतल, उभे की आडवे, जुळवितानाही अशीच एक युक्ती आहे: सर्वाधिक संदेश शोधण्याऐवजी विरुद्ध प्रतलातील संदेश जेथे नाहीसा होतो तो बिंदू शोधावा, कारण तो सुईसारखा टोकदार असतो. आणि सारे जुळले तरी बोल्ट आवळताना अँटेना किंचित सरकतेच. म्हणून शेवटचा बोल्ट पक्का होईपर्यंत खालच्या माणसाने मीटरवरून दृष्टी हलवावयाची नाही.

वेळही पाहावी लागे. दुपारी वारा वाहत असताना हवेचे थर एकमेकांत मिसळलेले असतात आणि काटा स्थिर राहतो. पहाटे व सायंकाळी, विशेषतः निवांत हवेत आणि समुद्रकाठी, थरांथरांतून झोत निरनिराळ्या वाटांनी येऊन परस्परांस छेद देतात. अरबी समुद्र या बाबतीत प्रसिद्धच आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईस असलेल्या एका रडार संचावर सुमारे १५०० मैलांवरील अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटले होते. जी हवा एखाद्या दिवशी झोत इतका दूर नेते, ती दुसऱ्या दिवशी ३० मैलांवरची वाटही रोखू शकते, आणि म्हणून एकाच मनोऱ्यावर वर-खाली दोन अँटेना लावून त्यांतील जी बरी ऐकेल तिचे घ्यावे अशी तजवीज करावी लागली.

या मनोऱ्यांनी अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीच्या मक्तेदारीसही सुरुंग लावला, हे मला या इतिहासातील सर्वांत रंजक प्रकरण वाटते. तार पुरावयाची तर शेकडो मैल जमीन लागते; मनोऱ्यास लागते ती दर तीस मैलांवर एक तुकडा. जॉन गोकेन याने १९६३ मध्ये शिकागो ते सेंट लुईस मार्गासाठी अर्ज केला, आणि बड्या कंपनीचा विरोध सोसून १९६९ मध्ये त्याच्या कंपनीस परवाना मिळाला. तेथून निघालेल्या वादांची परिणती १९८४ मध्ये त्या बड्या कंपनीच्या विभागणीत झाली.

आपल्याकडे डाक-तार खात्याने १९६० नंतर शहरांशहरांतून हे मार्ग नेले. किल्लेदारांनी टेहळणीसाठी पसंत केलेल्या जागा अभियंत्यांसही सोयीच्या ठरल्या, आणि सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला. १९७९ मध्ये पुण्यातच देशातील पहिली प्रकाशतंतूची स्थानिक जोडणी झाली, तेव्हा मनोऱ्यांच्या उतरत्या काळाची नांदी झाली असे म्हणता येईल. लंडनच्या पोस्ट ऑफिस टॉवरवरील अँटेनाही २०११ मध्ये उतरविल्या गेल्या. मात्र तंतूच्या काचेतून प्रकाश हवेपेक्षा एक तृतीयांशाने मंद जातो, हे शेअरबाजारातील सौदेबाजांनी ओळखले, आणि २०१० नंतर शिकागो व न्यू जर्सी यांच्यामध्ये पुन्हा डिश चढल्या. तंतूने येऊन-जाऊन १३ मिलिसेकंद लागत, तेथे मनोऱ्यांवरून नऊहून कमी लागू लागले.

आपल्या डोंगरमाथ्यांवरील ठाण्यांत ज्यांनी ही कामे केली, ती मंडळी आता निवृत्त झाली आहेत. कोणत्या टप्प्यास किती उंचीचा मनोरा घेतला, कोणते झाड तोडावे लागले, कोणत्या महिन्यात कोणती वाट बंद पडे, हे तपशील दफ्तरात असोत वा नसोत, त्यांच्या स्मरणात आहेत. त्यांनी ते लिहून काढावेत, आणि त्यांना ओळखणाऱ्या वाचकांनी त्यांच्याकडून लिहवून घ्यावेत.